पडद्यावरचे हात जाधवर मॅडमचे होते

जाधवर मॅडम गेल्याची बातमी मला शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती, हजेरीपट काखेत धरून मी नववीच्या वर्गाकडे निघालो होतो आणि खिशातला फोन थरथरला. 'सौ. मंदाकिनी जाधवर यांचे अल्पशा आजाराने निधन...' आजार अल्पसा नव्हता, दीड वर्ष चालला होता. पण अशा मजकुरात सगळ्यांचेच आजार अल्पसे असतात. त्याखाली सगळ्यात आधी हात जोडल्याचं चित्र कुणी टाकलं असेल? ज्याने मॅडमचे धडे चोरले, त्यानेच. वर आणखी एक ओळ होती : 'विज्ञान दिनाच्या जिल्हास्तरीय कार्यक्रमात मॅडमना आदरांजली म्हणून आमचे हृदयावरील मॉड्यूल दाखवण्यात येईल.' आमचे! मॅडम गेल्याचं रडू यायच्या आधी मला संताप आला. तो संताप अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या माणसाचं नाव छापता येणार नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी मला आधीच बजावलं आहे. म्हणून जिल्हा कार्यालयातल्या त्याच्या पदावरून मी त्याला नुसतं समन्वयक म्हणेन. मात्र त्याला अहो-जाहो करणार नाही, एवढी सवलत मी मागून घेतली आहे. तो हा लेख वाचणार, हे मला ठाऊक आहे. किंबहुना त्याने वाचावा म्हणूनच निम्मा लेख लिहितो आहे.

मी बेंबळी गावच्या शाळेत मराठी शिकवतो आणि मॅडम त्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. शिक्षक खोलीत आमची टेबलं शेजारीशेजारी, मधे पाण्याचा माठ. बारा वर्षं आम्ही त्या माठाच्या दोन बाजूंनी भांडलो आणि हसलो. त्या मेंढपाळाच्या घरातल्या. मेंढी अडली, कोकरू आडवं आलं, की त्यांचे वडील हात घालून ते अलगद फिरवून घ्यायचे, आणि सहा-सात वर्षांची ही पोर कंदील धरून शेजारी बसलेली असायची. "म्या पुस्तक लई उशिरा बघितलं सर, आधी पोटातलं कोकरूच बघितलं," असं त्या सांगायच्या. म्हणूनच असेल, फळ्यावर खडूने काढलेलं हृदय त्यांना कधी पटलं नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, दहावीत पोरं साठ. एका डोळ्याने एकाने बघायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून एकमेकांच्या खोड्या काढायच्या. एके दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर आपला मोबाइल टेकवला आणि कांद्याच्या पापुद्र्याचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर दाखवला. एवढी मोठी पेशी बघून मागच्या बाकावरची सगळी वानरसेना गप्प झाली, आणि मॅडमना नाद लागला.

मग त्यांनी लाकडी स्टुलाला मधोमध भोक पाडून घेतलं. त्यात मोबाइल पालथा बसवायचा, खाली पाट, पाटावर जे दाखवायचं ते. गुरांच्या हौदातल्या पाण्यातले जीव, जास्वंदीचं फूल उभं कापून, गांडूळ, कोंबडीचं अंडं, असे सव्वीस धडे त्यांनी तीन वर्षांत तयार केले. रविवारी शाळेच्या मागच्या खोलीत हा कारखाना चाले. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद, खिडकी बंद, घामाच्या धारा लागलेल्या, आणि मी दारात राखणीला. हृदयाच्या धड्यासाठी आम्ही दोघं मटणाच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी बोकडाचं हृदय कागदात बांधून दिलं आणि काळजीने सांगितलं, "मॅडम, ह्याची भाजी करू नका, लई चिवट असतंय." मॅडमनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर पोट धरून हसल्या. धड्यात त्या स्वतःचा चेहरा येऊ देत नसत. पोरं मग मॅडमचं तोंड बघत बसतात, पेशी बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पडद्यावर फक्त त्यांचे दोन हात दिसत. हिरव्या बांगड्या, आखूड कापलेली नखं, आणि डाव्या अंगठ्यावर विळा लागल्याची आडवी खूण. आवाज मात्र त्यांचा, आपल्या भागातला, 'हितं बगा', 'हे असं उलगडायचं' असा मोकळा.

त्यांची एक पद्धत होती, आणि या लेखातलं सगळं रामायण त्या पद्धतीपायी घडलं. प्रत्येक धड्यात त्या मुद्दाम एक चूक घालायच्या. एकच, पण ठसठशीत. पडद्यासमोर पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात, चूक शोधायची म्हटली की जागी राहतात, हा त्यांचा हिशेब. चूक सांगताना त्यांचा आवाज एक पट्टी वर चढायचा, छातीठोक व्हायचा, आणि तिथे पोरांचे कान टवकारले जायचे. ज्याला सापडेल त्याने उभं राहून "सापडली!" म्हणून ओरडायचं. मग मॅडम धडा थांबवणार, खरं काय ते त्या पोराकडून वदवून घेणार, आणि मगच पुढे जाणार. त्यांच्या तासाला आमच्या शाळेतून अशा आरोळ्या यायच्या की शेजारच्या वर्गात मला कविता शिकवणं मुश्कील व्हायचं. हृदयाच्या धड्यातली चूक मला अजून पाठ आहे : 'धमन्यांमधून नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्तच वाहतं, याला एकही अपवाद नाही.' अपवाद आहे. हृदयाकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, हे बेंबळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

समन्वयक शाळा तपासायला आला तेव्हा त्याने त्यातले दोन-तीन धडे पाहिले. खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. "मॅडम, हे सोनं आहे. सगळ्या जिल्ह्याला मिळालं पाहिजे," असं म्हणून त्याने पेनड्राइव्ह मागितला. मॅडम घुटमळल्या. तेव्हा त्यांच्या शेजारी उभा राहून "द्या हो मॅडम, नाव होईल तुमचं" असं म्हणणारा मूर्ख मीच. मॅडमनी पेनड्राइव्ह दिला. समन्वयक गाडीत बसत असताना त्या मागोमाग गेल्या, "साहेब, त्यात एक सांगायचं राहिलंय..." असं म्हणाल्यासुद्धा. त्याने काच वर घेता घेता सांगितलं, "फोनवर बोलू ना." तो फोन कधी आला नाही.

वर्षभराने धाराशिवला प्रशिक्षण होतं. विज्ञानवाले एका सभागृहात, आम्ही भाषावाले दुसऱ्या. जेवणाच्या सुट्टीत मॅडम मला हाताला धरल्यासारखं ओढत त्यांच्या सभागृहात घेऊन गेल्या. पडद्यावर धडा चालू होता. सुरुवातीला समन्वयकाचा कोट घातलेला फोटो, त्याखाली संकल्पना, संहिता, निर्मिती असं सगळं त्याच्याच नावावर. आवाज कुठल्याशा स्टुडिओतल्या बाईचा, गोड, इस्त्री केलेला. आणि पाटावर बोकडाचं हृदय उघडणारे दोन हात... हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर आडवी खूण. शब्द न् शब्द मॅडमचा होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, माझे हात बघितले का?" सकाळपासून त्यांना त्यांचाच धडा समन्वयकाच्या नावाने शिकवत होते आणि त्या वहीत टिपणं घेत बसल्या होत्या. मला तिथल्या तिथे त्याची गचांडी धरावीशी वाटली. मी धरली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मॅडमनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. शेवटी त्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात आम्ही त्याला गाठलं, तेव्हा तो आमच्याकडे दयेने बघत म्हणाला, "मॅडम, ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. आणि तुमचा आवाज जरा ग्रामीण होता, तो आपण सुधारून घेतलाय." ग्रामीण! परतीच्या एसटीत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. येडशी गाव मागे पडलं तेव्हा... नाही, येडशी त्या वाटेवर नाहीच, संतापात मला वाटही आठवत नाही. एवढं आठवतं की मॅडम एकदम हसायला लागल्या. "सर, चुका तशाच हायत की त्यात! सव्वीसच्या सव्वीस. त्या बाईनं माझ्यापेक्षा गोड म्हणून ठेवल्यात." आम्ही दोघंही हसलो. इतके, की कंडक्टर वळून बघायला लागला. त्या हसण्यात आमचा सूड होता, आणि तेव्हा तो फुकटात मिळाल्यासारखा वाटला.

पुढे मॅडमना आजाराने गाठलं. त्या रजेवर गेल्या. नवरात्राच्या आधी मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात बाजेवर बसून त्या फुलस्केपवर काहीतरी लिहीत होत्या. आजारातही अक्षर मोत्यासारखं. सव्वीस धडे, प्रत्येकातलं चुकीचं वाक्य आणि त्यापुढे बरोबर वाक्य. कागद पाकिटात घालून त्यांनी माझ्या हातात दिला.

"शनवारी जिल्ह्याला जाताय ना? साहेबाच्या हातात द्या. पोस्टानं नको, पडून राहतंय."

"मॅडम, द्यायचं कशाला? पडू द्या ना त्याला तोंडावर!"

"त्यो पडंल तेव्हा पडंल सर. ज्या शाळेत विज्ञानाला माणूस न्हाय, तिथं हेच लावून देतात. आपल्या पोरांना ठाव हाय चूक हुडकायची. त्यांना कोण सांगणार? ती पोरं तेच पाठ करत्याल."

मी हो म्हटलं. शनिवारी पाकीट खिशात घालून त्याच्या ऑफिसपर्यंत गेलोही. दार उघडं होतं. भिंतीवर त्याच्या सत्काराचा फोटो होता, गळ्यात हार, हातात सन्मानचिन्ह, आणि खाली लिहिलेलं, 'नवोपक्रमशील समन्वयक'. आत कुणाशी तरी बोलताना तो त्याच धड्यांबद्दल सांगत होता, 'रात्रंदिवस राबलो हो.' त्याला ही यादी देणं म्हणजे चोराला तिजोरीची राहिलेली किल्लीही नेऊन देणं. दुसऱ्या दिवशी तो चुका दुरुस्त करणार, आणि मॅडमच्या हातचा एकुलता एक पुरावाही पुसला जाणार... मी मागे फिरलो. पाकीट घरी आणलं आणि शब्दकोशात ठेवलं. योग्य वेळ आली की काढायचं, असं ठरवलं.

माघात मॅडमना सोलापूरच्या दवाखान्यात भेटलो. खूप बारीक झाल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "दिलं का सर साहेबाला?" मी म्हणालो, "दिलं." "काय म्हणाला?" "दुरुस्त करतो म्हणाला." त्यांनी डोळे मिटले. "मग बरं झालं." ती आमची शेवटची भेट. शेवटच्या भेटीत मी त्यांच्याशी खोटं बोललो, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आता सगळ्या जिल्ह्याला सांगतो आहे.

विज्ञान दिनाला मी पाकीट घेऊन धाराशिवला गेलो. सभागृह शाळाशाळांच्या मुलांनी भरलेलं, पुढे अधिकारी, मंचावर समन्वयक. मॅडमचा फोटोही होता, त्याच्या फोटोपेक्षा लहान. तो म्हणाला, "जाधवर मॅडम आमच्या प्रकल्पाच्या चाहत्या होत्या." चाहत्या! मग अंधार झाला, धडा सुरू झाला. हिरव्या बांगड्यांचे हात आले. गोड आवाज म्हणाला, 'याला एकही अपवाद नाही.' आणि मधल्या रांगेतून आरोळी आली, "सापडली!"

आमच्या शाळेतली दहावीची सानिया उभी होती. तिला कुणी शिकवून पाठवलं नव्हतं. तीन वर्षांची सवय, पडद्यावर चूक आली की उठायचं आणि ओरडायचं. बेंबळीची बाकीची पोरंही टाळ्या वाजवायला लागली. दिवे लागले. समन्वयक हसत म्हणाला, "काय सापडलं बाळा?" सानियाने फुफ्फुसाकडे जाणारी धमनी त्याला जागच्या जागी समजावून सांगितली. पुढच्या रांगेतले अधिकारी एकमेकांकडे बघू लागले. "ध्वनिमुद्रणात काहीतरी तांत्रिक दोष..." असं तो बोलेपर्यंत मी उभा राहिलो होतो.

"दोष नाही साहेब. करणाऱ्याने मुद्दाम घातलेली चूक आहे. सव्वीस धड्यांत सव्वीस आहेत. धडे तुम्हीच केलेत ना? मग जास्त नको, कांद्याच्या पापुद्र्याच्या धड्यातली तेवढी सांगा."

तो पाणी प्यायला. कागद चाळले. माइक उगाच वाजवून पाहिला. तेवढ्यात सानिया म्हणाली, "मी सांगू का सर? कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक नसतं." सभागृहात जो हशा पिकला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. मग पाकीट उघडून मी यादीतल्या सगळ्या सव्वीस चुका खणखणीत आवाजात वाचल्या आणि शेवटी लिहिणाऱ्याचं नाव दोनदा वाचलं. तो घामाघूम होऊन खाली बघत होता. त्या दिवशी मला झालेला आनंद निर्मळ नव्हता, पण आनंदच होता. स्टँडजवळ उभा राहून मी चार गुलाबजाम खाल्ले. आता त्याची चौकशी चालू आहे, सत्काराचा फोटो उतरला आहे, आणि त्याची झोप उडाली असेल तर मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, पुढेही करणार नाही.

इथे हा लेख संपवायचा असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी अणदूरकडच्या एका शाळेतल्या घोडके सरांचा फोन आला. सर गणिताचे. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून विज्ञानाला शिक्षक नाही. आदल्या दिवशी ते सभागृहात होते.

"सर, यादी तुमच्याकडं कधीपासून होती?"

"नवरात्रापासून."

 ते म्हणाले, "आमी त्याच धड्यांवर वर्ष काढलं बघा. परवा सराव परीक्षेचे पेपर तपासले. चाळीस पोरांनी एकच वाक्य लिहिलंय, 'याला एकही अपवाद नाही.' आणि मीबी चाळीसच्या चाळीस पोरांना मार्क देऊन बसलोय. आता बोर्डाचा पेपर पंधरा दिवसांवर आला, काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी तिकडे गेलो. वर्गात चाळीस पोरं खाली मांडी घालून बसली होती. भिंतीवर पांढरा चौकोन रंगवलेला, त्यावरच धडे दाखवायचे. मी कोण हे सरांनी सांगितलं. मी विचारलं, धडे कुणी शिकवले? सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "हातवाल्या मॅडमनी." मी म्हणालो, त्यांचं नाव मंदाकिनी जाधवर, आणि त्या आता नाहीत. दोन-तीन मुलींनी ओढणी तोंडाला लावली. ज्या बाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ज्यांचा आवाज ऐकला नव्हता, त्यांच्यासाठी... मग मी सांगितलं, की धड्यांत चुका आहेत, प्रत्येकात एक.

पुढे बसलेली एक मुलगी उभी राहिली. पल्लवी तिचं नाव. सराव परीक्षेत ती पहिली आली होती.

"म्हंजे मॅडमला येत नव्हतं व्हय सर?"

सव्वीस चुका भर सभेत वाचताना माझा आवाज कुठे अडखळला नव्हता, तो इथे अडखळला. मी म्हणालो, "त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं, पोरी. त्यांनी आजारपणात सगळ्या चुका दुरुस्त करून लिहून दिल्या होत्या. तुमच्यापर्यंत पोचाव्यात म्हणून. माझ्याजवळ दिल्या होत्या. मी पोचवल्या नाहीत."

"का बरं?"

खरं सांगायचं ठरवूनच मी आलो होतो. "एका माणसाचा सूड घ्यायचा होता मला."

तिने घोडके सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावलेली नव्हती ती, तिला खरंच कळत नव्हतं.

"मग आमी काय केलं हुतं, सर?"

मी यादी उघडली, खडू घेतला आणि फळ्यावर एकचा आकडा घातला.